सालदाराचा यांत्रिक हात: कथेत नेमकं काय बिघडेल?

धुऱ्यावरून
विज्ञानकथा लिहितोय. काळ २०७० च्या पुढचा, गाव पांढरकवड्याकडचं. नायक सालदार आहे. थ्रेशरमध्ये त्याचा उजवा हात कोपर आणि मनगटाच्या मधोमध गेला. मालकानं कुणाचा तरी वापरलेला यांत्रिक हात आणून दिला. पहिल्या खर्ड्यात तो या हातानं क्विंटलचं पोतं एकट्यानं उचलतो, दिवसभर कापूस वेचतो, फवारणीही करतो. हे कितपत पटेल? आपल्या उन्हात-मातीत असा हात कुठं दगा देईल? "सर्किट जळालं" असला ढोबळ बिघाड नको. आजच्या हातांवरून सांगा, पुढची भर मी घालतो.

गिअरबॉक्स
पोत्याचं आधी. कोपर त्याचं स्वतःचंच आहे ना? मग यांत्रिक हात पोतं उचलतच नाही, नुसता धरतो. उचलतात ते कोपर, खांदा आणि कंबर. हात काटकोनात, १०० किलो वजन कोपरापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे कोपरावर सुमारे २९४ न्यूटन-मीटर पीळ. धडधाकट गड्याचं कोपर ७०-८० च्या आसपास हात टेकतं. बोटं पोलादाची केली तरी हा हिशेब तोच. पोतं पाठीवरच घेऊ द्या.

मोटरवाल्या हाताची पकड साधारण १०० न्यूटनची असते. बऱ्याच हातांचा गिअर उलटा फिरत नाही. त्यामुळे मूठ एकदा वळली की बॅटरी न खाता पाण्याची भरली बादली लटकून राहते. फक्त ताण जातो सॉकेटवर, म्हणजे उरलेला हात ज्यात घालतात त्या खोबणीवर. घामानं ओला स्टंप (कापल्यावर उरलेला हाताचा भाग) असेल तर बादली मुठीतच राहते आणि अख्खा हात निसटून खाली येतो. त्याच गिअरची दुसरी बाजू: बॅटरी संपली की मूठ आहे तशी अडकते. चालत्या यंत्राचा दांडा धरलेला असेल तर काय होईल ते तुम्हीच लिहा. चांगल्या हातांना बाहेरून मूठ सोडवायचा खटका असतो, जुन्या हातात तो मातीनं जाम झालेला दाखवा.

आणि एक चूक आत्ताच सुधारा. हात जुना चालेल, सॉकेट जुनं चालत नाही. ते त्याच माणसाच्या स्टंपचा प्लास्टरचा साचा घेऊन बनवावं लागतं. शिवाय ऑपरेशननंतरचे काही महिने स्टंप आक्रसत राहतो, म्हणून सॉकेट सैल होत जातं आणि आत मोजे वाढवावे लागतात. हे टाळायचं तर हाडात टायटॅनियमची दांडी बसवा आणि हात तिलाच जोडा. स्वीडनमध्ये १९९० साली मांडीच्या हाडात ती पहिल्यांदा बसवली गेली. पण दांडी कातडीतून बाहेर येते तिथं तोंड कायमचं उघडं राहतं. शेणा-चिखलाच्या कामात तिथं पू धरायला वेळ लागत नाही.

मायक्रोव्होल्ट
हाताला हुकूम मिळतो तो उरलेल्या स्नायूंतून. कातडीवर दोन जागी इलेक्ट्रोड, म्हणजे स्नायूतली वीज टिपणारे धातूचे तुकडे, असतात, एक मूठ वळवणाऱ्या स्नायूवर आणि एक उघडणाऱ्या. कातडीवर येणारा संकेत काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत. उपयोगाचा भाग साधारण २० ते ५०० हर्ट्झ, आणि आपली वीज बरोबर त्याच्या पोटात, ५० हर्ट्झला. इलेक्ट्रोड नीट टेकला नसेल तर चालू मोटारपंपाजवळ हात भरकटू शकतो.

उन्हाचं गणित सरळ नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कातडी सुकते आणि संकेत नीट येत नाही. इलेक्ट्रोडखाली पाण्याचं बोट फिरवलं की सुधारतो. थोडा घाम असलेला चांगलाच. भादव्यातल्या उकाड्यात मात्र घामाची सलग पट्टी होऊन इलेक्ट्रोडची दोन्ही टोकं आतल्या आत जोडली जातात, त्यांच्यातला फरक मिटतो आणि हात मुका होतो.

जुन्या हातात आधीच्या माणसाच्या स्नायूंचे आकडे भरलेले असणार. ते पुसून नव्यानं शिकवावं लागतं, तेही हात खाली, समोर आणि डोक्यावर अशा तिन्ही स्थितींत. हात उचलला की तोच हुकूम वेगळा दिसतो. बॅटरी लिथियम-आयनची असेल तर ४५ अंशांवर चार्ज करू नये. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली दुपारी लावली तर लवकर खराब होईल. चार्जिंग रात्रीचं दाखवा, गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लायनीवर. शेतातल्या लायनीचा भरवसा नको.

पऱ्हाटी
भाऊ, वेचणी यंत्राच्या हातानं काहून करवता? बोंड फुटलं की पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात. बोटं आत घालून चार-पाच कप्प्यांतला कापूस एका हिसक्यात काढा लागते. ते बोटाच्या स्पर्शानं जमते, डोळ्यानं नाही. या गड्याला डाव्या हातानं वेचू द्या, यांत्रिक हातानं फांदी धरू द्या. बोटांच्या सांध्यात तंतू गुंडाळले जातात ते चिमट्यानं रोज काढा लागतील. मावा असला तर कापसावर चिकटा राहते, तो सांध्यात गेला की धूळ धरून बसते. काळी माती ओली असली तर फुगते, वाळली तर दगड होते. सांध्यावर रबराचं टोपण घाला.

तुमच्या कथेचा बिघाड मात्र फवारणीत आहे. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर मेले होते. मोनोक्रोटोफॉसच्या जातीचं औषध अंगात गेलं की नस आणि स्नायूच्या जोडावरचा रसायन साफ करणारा एन्झाइम बंद पडतो, आणि स्नायू आपोआप फडफडतात. आता वरचं मायक्रोव्होल्टचं वाचा. स्नायू फडफडला की हाताला तो हुकूमच वाटणार.

धुऱ्यावरून
म्हणजे गड्याला कळायच्या आधी हातच उघडझाप करू लागेल! मग दवाखान्यात या विषावरचं औषध, ॲट्रोपिन, दिलं की हात थांबेल?

मायक्रोव्होल्ट
नाही. ॲट्रोपिन लाळ, घाम, छातीतला कफ आणि मंदावलेली नाडी सांभाळतं. स्नायूच्या जोडावर त्याचा असर नाही, त्यामुळे घाम आटला तरी हात फडफडतच राहील. "कळायच्या आधी" हे जपून लिहा. साधारण मळमळ, घाम, डोळ्यांसमोर अंधारी आधी येते. पण ती उन्हावर ढकलता येते, उघडझाप करणारा हात ढकलता येत नाही.

खरी भीती पुढे आहे. एक ते चार दिवसांत स्नायू गळून जाऊ शकतात, तेव्हा संकेत येणं बंद होतं आणि हात गप्प पडतो. घरच्यांना वाटेल उतार पडला. कथेत नर्स असेल तर तिला नुसतं हाताकडे पाहू देऊ नका. गड्याला उताणा झोपवून उशीवरून मान उचलायला सांगू द्या. ती उचलली नाही, तर थोड्या वेळात श्वासाचं यंत्र लागू शकतं.