मंडळाच्या शिल्लक पैशांतून गावासाठी आग विझवायचं काय साहित्य घ्यावं?

माळरान:
आमचं गाव तासगावच्या पूर्वेला, निम्मी वस्ती मळ्यात. शिमगा झाला आणि चुलतभावाची कडब्याची गंज पेटली. वाऱ्यानं ठिणगी गोठ्याच्या छपरावर. एक म्हैस भाजली. जगली, पण अजून कासेला हात लावू देत नाही. तालुक्यावरनं गाडी निघाली होती वेळेत, पण आमच्याच पोरानं फोनवर 'मारुतीच्या देवळापासनं आत' एवढंच सांगितलं. आमच्या शिवारात मारुती दोन. गाडी दुसऱ्या मारुतीपुढं जाऊन उभी.

गणपती मंडळाचे ३८ हजार शिल्लक आहेत. यंदा डॉल्बी नको असं पोरांनीच ठरवलं (मला अजून खरं वाटत नाही). दहा-बारा जणांचं पथक करावं म्हणतोय. जर्मनीतला वर्गमित्र सांगतो, तिकडं खेड्यात आग विझवणारं दल गावकऱ्यांचंच असतं, बिनपगारी. आपण काय घ्यावं? पंप, की ते आग विझवायचे लाल सिलिंडर?

घंटावाला:
नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात २९ वर्षं काढली, आता घरी आहे. पंप घेऊ नका, तो तुमच्या गावात आहेच. द्राक्षाचा भाग तुमचा, दर चार घरांमागं ट्रॅक्टरचा ब्लोअर, म्हणजे बागेवर पंख्यानं औषध फवारायचं यंत्र, असणार. पाचशे-सहाशे लिटरची टाकी, जोराच्या दाबाचा एचटीपी पंप, पाइप, गन. आणखी काय पाहिजे? फक्त पंखा न्यूट्रलला टाकायचा. नाहीतर पाणी मारता मारता आगीला वारा घालत बसाल. आणि आधी वायरमनला सांगून डीपी (तिथली वीज तोडायची पेटी) बंद करायची, मगच पाणी.

गोठ्याच्या मेढीला एक धारदार विळा अडकवून ठेवा. दाव्याची गाठ धुरात सुटत नाही, कापावीच लागते.

लाल सिलिंडर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. सहा किलोचा पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. शाळा, सोसायटी, देवळाचा मंडप, एवढ्या ठिकाणी पुरे. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर महिन्याला बघणारा एक माणूस नेमा. मी असे सिलिंडर पाहिलेत की ज्यांच्या नळीत गांधीलमाशीनं घर केलंय.

तुमच्या पथकाचं खरं काम घरात आहे. घरोघर जा, गॅसची नळी बघा. केशरी सुरक्षा नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदलायची. साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला की गळती. काडी ओढून बघणारे दोघं मला भेटलेत, एकाच्या भुवया परत आल्या नाहीत. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा. बटणाला हात नको, चालू करायला नको आणि बंद करायलाही नको. बाहेर येऊन १९०६ लावा. आग असेल तर १०१ किंवा ११२.

मिरजेची सून:
आमच्याकडं दिवाळीत चकलीचं तेल पेटलं होतं. सासूबाई तांब्या घेऊन धावल्या, मी हात धरला म्हणून बरं. गॅस बंद केला, परात पालथी घातली, विझलं. पण परात उचलायची घाई करू नका. मी पाच मिनिटांनी उचलली तर पुन्हा भडका! नंतर पार गार होईतोवर शिवलेच नाही. दादा, घरोघर जाताना पथकात दोन बायका घ्या. पुरुषमाणसं आली की कुणी स्वयंपाकघरात नेत नाही, सोप्यातच चहा देऊन वाटेला लावतात.

कडबाकुट्टी:
ब्लोअरचं पटलं. पण टाकीत औषध असलं तर? ते जनावरांवर उडालं की दुसरंच संकट.

घंटावाला:
बरोबर. घाईत कोण टाकी धुतोय! म्हणून एक ब्लोअर कायमचा बाजूला, धुऊन, पाणी भरून. त्याला औषधाचा थेंब लावायचा नाही. ताईंचं परातीचंही बरोबर. तेलावर पाणी टाकलं की ते तळाला जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं.

१४ एप्रिल हा अग्निशमन दिन, १९४४ ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला तो दिवस. २० तारखेपर्यंत सप्ताह असतो. आताच नगरपरिषदेला अर्ज द्या, प्रात्यक्षिकाला या म्हणून. १४ ला गावात जयंतीची मिरवणूक असेल, १५ किंवा १६ मागा.

माळरान:
परवा बैठक झाली. आमच्या अण्णांनी बाग काढली, त्यांचा ब्लोअर दोन वर्षं शेडात पडून आहे. पंप चालतोय, टाकीला बोटभर भेग. ती बुजवून मिळाली की ग्रामपंचायतीमागं भरून ठेवतो. पैशांतले निम्मे नळ्यांना, ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी ११ घरं पाहिली. सगळ्यात वाईट नळी आमच्याच घरात निघाली, ओट्यामागं उंदरानं कुरतडलेली. आई म्हणाली, 'मला माहीत होतं, चिकटपट्टी लावली होती की.'

मारुतीचा घोळ मिटला. रस्त्याकडच्याला आता 'डांबरी मारुती' म्हणायचं ठरलंय, पाटी रंगवायला दिलीय. पुजारी जरा नाराज आहेत.