डिसेंबर ते फेब्रुवारी : शाळेतल्या पोरांचा पाया बांधायचा की दर रविवारी रेस मारायची? (धावण्याच्या सरावावरची चर्चा; वरची नावं लिहिणाऱ्यांची)

पायवाट
शालेय स्पर्धांचा हंगाम नोव्हेंबरात बहुतेक मुलांसाठी आटोपतो. तालुका, जिल्हा, विभाग, फार तर राज्य. त्यानंतर नववी-दहावीतली १५०० आणि ३००० मीटरची पोरं थेट रोड रेसला जुंपली जातात. या रविवारी ५ किलोमीटर, पुढच्या रविवारी १०, मग कुणाच्या तरी वाढदिवसाची 'मॅरेथॉन', जी प्रत्यक्षात ७ किलोमीटरची असते. माझं म्हणणं : हे तीन महिने शाळकरी मुलांना रोड रेस पूर्ण बंद. झालीच तर एक क्रॉस-कंट्री, म्हणजे रस्ता सोडून माळावरची शर्यत.

त्याऐवजी पाया, म्हणजे सोप्या पळण्यातून दम वाढवणं, कसा बांधायचा तेही लिहितो. हंगाम संपला की १० दिवस पळणं बंद, सायकल-पोहणं चालेल. मग हंगामात आठवड्याला २५ किमी होत असतील तर तिथूनच सुरुवात. दोन आठवडे ३-३ किमी वाढवायचे, तिसऱ्या आठवड्यात थोडं कमी करायचं, पुन्हा चढायचं. फेब्रुवारीअखेर १५-१६ वर्षांचा मुलगा ४० च्या आसपास आला तरी पुष्कळ झालं. लांब पल्ला आठवड्यातून एकदाच, एकूण अंतराच्या पाव हिश्श्याइतका, म्हणजे १० किमी.

खरी गडबड वेगात होते. ३००० मीटर १० मिनिटांत मारणाऱ्या मुलानं सोप्या दिवशी किलोमीटरला ५ मिनिटांच्या आसपास पळायला हवं, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलत. तो पळतो ४:१५ नं, कारण पुढे भरतीची तयारी करणारे दादा लोक असतात. मग मंगळवारच्या खऱ्या कामाला पाय उरत नाहीत. वेग मरू नये म्हणून आठवड्यातून दोनदा, पळणं संपल्यावर ८० मीटरच्या ६ स्ट्राइड, म्हणजे वेगाच्या छोट्या धावा. सुटं, ऐटीत, आणि परत येताना चालत.

घाटमाथा
हे वेळापत्रक दुसऱ्यांच्या हवामानाचं आहे. हिवाळी पाया म्हटलं की सगळे न्यूझीलंडच्या प्रशिक्षक आर्थर लिडियार्डचं नाव घेतात. त्याचे धावपटू ऑकलंडजवळच्या वैताकेरेच्या डोंगरांत ३५ किलोमीटरचा फेरा मारत, आणि त्यांच्यातल्याच पीटर स्नेलनं १९६० ला रोममध्ये ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं. सगळं मान्य. पण त्यांचा हिवाळा संपला की ट्रॅकसाठी छान उन्हाळा यायचा. आपला हिवाळा संपला की मार्चअखेर मराठवाडा-विदर्भात पारा ४० ला टेकतो.

सोपं पळणं उन्हाळ्यातही पहाटे साडेपाचला होतं. १००० मीटरचे रिपीट, म्हणजे तेच अंतर मध्ये थोडं थांबून पुन्हा पुन्हा जोरात, मे महिन्यात काढून दाखवा! तिसऱ्यालाच पोरगं कंबरेवर हात ठेवून उभं राहतं. म्हणजे आपल्याकडे जोराचं काम करायला हेच तीन महिने, आणि रेस हे जोराचं कामच आहे. पाया एप्रिल ते जुलैमध्ये बांधा, ऑगस्टला तालुका येतोच.

पायवाट
हवामानाचा मुद्दा बिनतोड आहे, हिशोब थंडीवरून नाही तर मुख्य स्पर्धेवरून उलटा मांडायला हवा. पण जोराचं काम आणि रेस एकच कसं? १५ वर्षांच्या मुलानं रविवारी १० किमी जीव तोडून मारले की पाय मोकळे होईपर्यंत गुरुवार सरतो. शनिवारी पुढच्या रेससाठी विश्रांती. उरला एक शुक्रवार. असे आठ रविवार काढा, दोन महिन्यांत सरावाचे दिवस आठ. पोरगं दमलेलं दिसतं, म्हणून सगळ्यांना वाटतं मेहनत चालू आहे.

ऊसपट्टा
तुमचं मिनिट-सेकंद चालू द्या, पण पहाटे पाचला पोरं नेमकी कुठे पळणार? गाळप चालू आहे. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतो, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. पोरगं रस्त्याच्या डाव्या कडेनं, कानात गाणी, अंगात काळं जॅकेट. पळायचंच असेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घालून. त्यापेक्षा सरळ संध्याकाळी साडेपाच. अंग गरम असतं, आणि पहाटेचा शेकोट्यांचा धूर जमिनीलगत बसतो तोही नसतो.

शेतातून पळवणाऱ्यांनी काळ्या रानात शिरू नये. पाऊस गेल्यावर पडलेल्या भेगांवर वाळलं गवत येतं, पाय घोट्यापर्यंत आत. मुरमाड माळ बघा.

घाटमाथा
संध्याकाळचं मान्य. पण रेस बंद म्हणणाऱ्यांनी बक्षिसाचाही विचार करावा. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराला तीन हजार मिळाले तर त्यात बूट येतात. सराव-सराव करून बूट कोण देणार? आणि अविनाश साबळेसारखी पोरं याच मातीतून वर येतात ना?

माळरान
साबळेचं नाव घेतलंत ते बरं केलं, कारण ते उदाहरण तुमच्या उलट बाजूचं आहे. बीडच्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे आधी क्रॉस-कंट्री पळला आणि मग स्टीपलचेसकडे (३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत) वळला. ८:०९.९१ हा राष्ट्रीय विक्रम पॅरिसमध्ये जुलै २०२४ ला आला, वयाच्या तिशीजवळ. शाळेत असताना त्यानं किती रविवार मारले यावर काही अडलं नाही.

बुटांचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला 'रेस बंद' हे उत्तर नाही.

आणखी एक, रोज १६०० मीटरचा ट्रायल घेणं बंद करा. भरतीत १६०० असतं म्हणून ॲकॅडमीत रोज घड्याळ लावतात आणि शाळेची पोरंही त्यात उभी करतात. ट्रायल म्हणजे मोजमाप. ताप आलेल्याला दर तासाला थर्मामीटर लावून ताप उतरत नाही. महिन्यातून एक बास.

भाकरी_आणि_चहा
दोन्ही बाजू फक्त मुलांबद्दल बोलताहेत. थंडीत किलोमीटर वाढले की मुलींमध्ये आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ना तुमचा पाया बांधला जाणार, ना रेस जिंकली जाणार. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. जेवणावर लगेच चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. तासभर थांबा, भाजीवर लिंबू पिळा. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. आणि सलग तीन महिने पाळी आली नाही तर 'सराव जोरात चाललाय' म्हणून खूश होऊ नका. बहुधा खाणं कमी पडतंय, हाडं त्याची किंमत मोजतात. हे विचारायला पुरुष कोच संकोचतात, म्हणून शाळेतल्या एखाद्या बाईंना आधीच सांगून ठेवा.

नडगी दुखली की करायची तपासणी : नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली या. वितभर भाग हुळहुळा लागत असेल तर पळणं निम्म्यावर आणा, मऊ जमीन घ्या, एका पायावर टाच उचलण्याचे १५ चे ३ सेट रोज. पण एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल आणि त्या पायावर उडी मारताच मुलगी कळवळत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडांचा डॉक्टर. सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा काही दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळ' असं म्हणू नका. गुडघ्याच्या वाटीखालचं टेंगूळ दुखत असेल तर ते वेगळं, उंची भराभर वाढण्याच्या वयातलं. तिथे उड्या आणि उतार काही आठवडे टाळा.

घाटमाथा
ठीक. मी दोन रेसवर येतो. एक डिसेंबरच्या मध्यावर, एक जानेवारीअखेर, दोन्ही ५ किलोमीटरच्या आतल्या, बक्षीस बघून निवडलेल्या. पण जानेवारीतले १००० चे रिपीट मी सोडणार नाही. ३००० मीटर १० मिनिटांत मारणाऱ्या मुलासाठी ५ वेळा १०००, प्रत्येकी ३:३० मध्ये, मध्ये ३ मिनिटं हळू जॉग. चौथा ३:३५ च्या पुढे गेला की पाचवा रद्द, घरी जा.

पायवाट
दोन रेस चालतील. रिपीटबाबत नाही पटत, निदान १६ च्या आतल्यांसाठी. त्याऐवजी त्या दिवशी ८ मिनिटांचे ३ तुकडे, किलोमीटरला ३:५० नं, मध्ये २ मिनिटं जॉग. संपल्यावर पोराला वाटलं पाहिजे, अजून एक झाला असता. तुमचा पाचवा संपल्यावर ते वाटत नाही. बुधवारी चढ : ४० सेकंदांचा, दुचाकी दुसऱ्या गिअरवर आरामात चढेल इतपत, ६ वेळा, उतरताना चालत. उतारावर पळवत आणलं की नडगीवाल्यांची रांग लागते.

घाटमाथा
३:५० नं पळून रेसचा ३:२० चा वेग कुठून येणार?

पायवाट
स्ट्राइड आणि चढातून. आणि जुलैत ढग आले की रिपीट काढता येतातच.

दहावी_ब
फेब्रुवारीत बोर्ड आहे हे कुणी धरलंय का? वरचं सगळं नववीसाठी ठीक. दहावी-बारावीवाल्यांना जानेवारीच्या मध्यापासून आठवड्यात चार दिवस ३५ मिनिटं आणि दोनदा स्ट्राइड, एवढंच ठेवा. कमावलेलं बऱ्यापैकी टिकतं. रात्री बारापर्यंत अभ्यास आणि पहाटे पाचला मैदान, हे मात्र कुणी सुचवू नका.