परोपजीवी, यजमान आणि 'लक्ष्यवेधी' औषध: योग्य शब्द कोणता?

कुरडई
माझी मावशी जीवरसायनशास्त्रज्ञ. परळच्या एका प्रयोगशाळेत तिची 28 वर्षं गेली, त्यातली बरीचशी काळ्या आजारावरच्या (वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा जुनाट ताप) औषधामागे. आता निवृत्त होतेय. आमच्या गिरगावातल्या वाडीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तिच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. संपादक काकांची अट अशी की इंग्रजी शब्द अगदीच नाइलाज झाला तर. वाडीतल्या ऐंशीच्या आजोबांना आणि दहावीतल्या पोरांना, दोघांनाही कळलं पाहिजे.

माझं पहिलं वाक्य असं होतं: 'मावशींनी परजीवी रोगांवरील लक्ष्यवेधी नॅनो औषधांच्या क्षेत्रात मोलाचे संशोधन केले.' मावशीने वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "यात मी कुठेय?" मग म्हणाली, "आणि यातलं निम्मं चूक आहे." कुठलं निम्मं ते सांगितलं नाही. आमटीला फोडणी द्यायला उठली.

पॅरासाइट, होस्ट, नॅनोमेडिसिन, टार्गेटेड. या चारांवर अडलेय.

अनुस्वार
पहिली चूक मी सांगतो. रोग परजीवी नसतो. रोग माणसाच्या जिवावर जगत नाही, रोगाचा जंतू जगतो. 'परोपजीवीजन्य रोग' म्हणा, नाहीतर सरळ 'परोपजीवींमुळे होणारे रोग'.

परजीवी की परोपजीवी? व्याकरणाने दोन्ही चालतात. श्रमजीवी, बुद्धिजीवी चालतात तसा परजीवीही चालतो. पण तो आपल्याकडे हिंदीचा हात धरून जास्त आलाय. परोपजीवी म्हणजे पर अधिक उपजीवी, दुसऱ्यावर उपजीविका करणारा. उपजीविका हा शब्द मराठी माणसाला रोजचा, म्हणून परोपजीवी न समजावता समजतो. माझं मत त्याला.

रानभूल
आजोबांसाठी 'बांडगूळ' लिहा की. आंब्यावर वाढलेलं बांडगूळ सगळ्यांनी पाहिलंय. फक्त एक मेख आहे. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, ते आपलं अन्न आपण तयार करतं आणि झाडाकडून पाणी न् क्षार घेतं. म्हणजे अर्धं परोपजीवी. अमरवेल खरी पूर्ण परोपजीवी. आपण शिवी मात्र बांडगुळालाच देतो, अमरवेलीला छान नाव दिलंय!

परळनाका
ग्रीकमध्ये मूळ शब्दाचा अर्थ 'अन्नाशेजारी बसणारा', म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत जेवणारा. पुढे त्याचाच फुकट्या झाला. आपला 'ऐतखाऊ' त्याच्या फार जवळचा. शास्त्रीय लेखात नाही चालणार, पण स्मरणिकेत एकदा टाकायला हरकत नसावी.

आणि 'जंत' वापरू नका हं. गंमत बघा, जंत आणि जंतू दोन्ही संस्कृत 'जन्तु'चीच पोरं. तत्सम जंतू डोळ्याला न दिसणारा झाला, घासून आलेला जंत पोटातला किडा झाला. शाळेत फेब्रुवारीत जंतनाशक गोळी देतात ती दुसऱ्याची. काळ्या आजाराचा परोपजीवी एकपेशीय, त्याला जंत म्हटलं तर दहावीतली पोरंच हसतील.

कुरडई
जंत लिहिणारच होते! वाचवलंत. होस्टला 'यजमान' लिहू का?

डॉक्टरीणबाई
कृपा करून नको. 'यजमानांच्या यकृतात परोपजीवी आढळला' असं छापून आलं की वाडीतल्या बायका मावशींच्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला येतील.

अनुस्वार
हा हा. जुन्या शास्त्रीय मराठीत 'आश्रयी' भेटतो, पण त्यात आश्रय देणारा की घेणारा हेच कळत नाही. 'पोशिंदा' म्हणावं तर त्यात राजीखुशी येते. इथे खुशी कसली? मला विचाराल तर शब्दच टाळा. ज्याच्या अंगात तो राहतो तो माणूस, म्हणून 'रुग्ण' लिहा. सगळ्याला प्रतिशब्द हवाच असं नाही.

परळनाका
'काळा आजार'बद्दल एक. आजार हा फारसी शब्द, मूळ अर्थ छळ, पीडा. मराठीत तो साध्या दुखण्यावर आला. हिंदीवाले रोजच्या बोलण्यात बीमारी म्हणतात, तिथे आज़ार जरा शेरोशायरीतला. बिहार-बंगालकडचं 'काला आज़ार' मराठीत आलं की मराठीच वाटतं. काळा कशामुळे, तर रुग्णाची कातडी काळवंडते. नाव बदलू नका.

डॉक्टरीणबाई
आता नॅनोमेडिसिन. इंग्रजीत औषधालाही मेडिसिन आणि शास्त्रालाही मेडिसिन. मराठीत औषध वेगळं, वैद्यक वेगळं. तेव्हा शास्त्राला 'अब्जांशवैद्यक' आणि बाटलीतल्या वस्तूला 'नॅनो औषध'. 'सूक्ष्म औषध' लिहू नका. सूक्ष्म म्हणजे मायक्रो, नॅनो त्याच्याही हजारावा हिस्सा. अब्जांश मात्र चपखल, मीटरचा अब्जावा भाग.

रानभूल
नॅनो म्हटल्यावर आमच्या सोसायटीत अजून ती 2008 ची छोटी गाडीच आठवते. ग्रीक अर्थही 'बुटका', तेव्हा गाडीवाले फार चुकले नाहीत. बाकी आपली भस्मंसुद्धा नॅनोच म्हणे?

डॉक्टरीणबाई
काही भस्मांत इतके बारीक कण सापडलेत, ते खरं. पण कण बारीक असणं आणि तो हव्या त्या पेशीत पोचणं या दोन निराळ्या गोष्टी. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

अनुस्वार
'लक्ष्यवेधी' लिहिताना य जपा. लक्ष्य म्हणजे नेम धरायची वस्तू, लक्ष म्हणजे ध्यान. विधानसभेत मांडतात ती 'लक्षवेधी' सूचना. औषध लक्षवेधी झालं तर त्यावर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागेल.

कुरडई
काल रात्री मावशीला हा धागा वाचून दाखवला. 'लक्ष्यवेधी' आल्यावर ती म्हणाली, "हेच ते निम्मं चूक." तिने सांगितलं ते जसंच्या तसं देते.

"रोगाचा परोपजीवी रक्तात मोकळा फिरत नसतो. आपल्या शरीरात घाण गिळणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी असतात, यकृतात, पाणथरीत, हाडांच्या मगजात. तो त्या पेशींच्या पोटातच घर करतो. जी पेशी जंतू खाते तिच्यातच हा आरामात वाढतो. ॲम्फोटेरिसिन हे जुनं औषध त्याला मारतं, पण मूत्रपिंडाला झोडपतं. ते शिरेतून देताना रोग्याला हुडहुडी भरायची, आणि एक दिवसाआड, महिनाभर द्यायचं. आम्ही तेच औषध चरबीच्या बारक्या पुटिकेत घातलं. पुटिका म्हणजे लिपोसोम. ती रक्तात गेली की भक्षक पेशी तिला कचरा समजून गिळतात. ज्या पेशीत शत्रू बसलाय तीच पेशी औषध गिळते. यात बाण कुठे, वेध कुठे? आम्ही नेम धरलाच नाही. खाणाऱ्यासमोर खाणं ठेवलं."

मी विचारलं, मग काय म्हणू? म्हणाली, "आमिष म्हण."

परळनाका
वा! शब्दकोशात शोधून मिळाला नसता. पण मी वाचलंय की पुटिकेच्या अंगावर साखरेचे रेणू लावूनही विशिष्ट पेशी गाठतात. जीवरसायनशास्त्रज्ञ बिमल बच्छावत यांच्या कामात ते होतं ना? परळच्या केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी आणि दिल्लीत त्यांनी मिळून देशी लिपोसोमचं ॲम्फोटेरिसिन केलं, ते वाचल्यासारखं वाटतं.

कुरडई
हो, त्यांचं नाव घेताना मावशी खुर्चीत सरळ बसली. साखर लावली तर 'लक्ष्यवेधी' म्हण, म्हणते, तिथे ओळख पटवून पकडणं असतं. तिच्या स्वतःच्या पुटिका बिनसाखरेच्या. त्यामुळे आमिषच.

आणखी एक सांगितलं, शब्दांसाठी उपयोगी आहे म्हणून लिहिते. चरबी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून फिरत्या गोल चंबूत ठेवायची. क्लोरोफॉर्म उडून गेलं की काचेच्या आतल्या बाजूला 'साय धरते'. हा तिचाच शब्द, फिल्म नाही. मग पाणी घालून हलवलं की पिवळसर, कढीसारखं होतं. पिवळेपण औषधाचं. एकदा तीन आठवड्यांचं काम कुणीतरी चुकून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी वितळल्यावर तळाला पिवळा गाळ. गोठल्यावर पुटिका फुटतात, औषध बाहेर पडतं. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही म्हणे, हिंदमातापर्यंत पावसात चालत गेली आणि चहा पिऊन परत आली.

डॉक्टरीणबाई
'साय धरते' ठेवाच. आणि 'पाणथरी'सुद्धा, आजोबांना प्लीहा कळणार नाही. आता लिपोसोमच्या औषधाने काळ्या आजाराला रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम, एकाच दिवशी शिरेतून दिलं की झालं. महिनाभराच्या उपचाराशेजारी हे लिहा, मावशींचं काम आपोआप दिसेल.

रानभूल
लिपोसोमला 'मेदकाय' सुचवतो. लिपोस चरबी, सोमा शरीर.

अनुस्वार
अचूक आहे, पण जाडजूड माणसाचं वर्णन वाटतं. पुटिका बरी.

कुरडई
शेवटी असं केलंय: 'काळ्या आजाराचा परोपजीवी रुग्णाच्या भक्षक पेशींत दडून बसतो. मावशीने औषध चरबीच्या पुटिकेत भरून त्या पेशींपुढे आमिषासारखं ठेवलं. महिनाभराची इंजेक्शनं एका दिवसावर यायला ज्या अनेकांचे हात लागले, त्यात तिचेही आहेत.' शेवटचं वाक्य मावशीने दोनदा वाचलं आणि 'अनेकांचे'खाली पेनने रेघ मारली.

ताजा कलम: छपाईआधीचा कच्चा नमुना आजोबांना दाखवला. त्यांनी 'पुटिका'च्या जागी 'पुटकुळी' वाचलं आणि कातडीचा रोग का, असं विचारलं. आता तिथे 'बारीक पिशवी' छापतोय.