मदत हवी आहे: उणे ११ अंशांत इंजिन दोन ठोके देतं आणि गप्प होतं

प्रश्न:
चार सिलिंडरचं, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवालं १६० हॉर्सपॉवरचं इंजिन. विमान रात्रभर उघड्यावर, सकाळचं तापमान उणे ११ सेल्सिअस. ऑइल डब्ल्यू १००. बॅटरी रात्री आत ठेवलेली, पूर्ण चार्ज. प्रायमरचे (सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडणारा हातपंप) चार स्ट्रोक, थ्रॉटल थोडा उघडा, स्टार्टर. दोन-तीन ठोके पडतात आणि बंद. मग कितीही फिरवा, एक ठोकाही नाही. आणखी प्राइम करावं, की थ्रॉटल पंप करावा?

प्रतिसाद १:
दोन्ही नको. तुमच्या इंजिनात कार्ब्युरेटर खाली असतो. स्टार्टर फिरत नसताना थ्रॉटल पंप केला की पेट्रोल वर न जाता एअरबॉक्समध्ये (कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या डब्यात) साचतं आणि पहिल्याच बॅकफायरला पेटतं. पेटलंच तर स्टार्टर सोडू नका. मिक्स्चर कट-ऑफ (इंजिनाचं पेट्रोल तोडणारी स्थिती), फ्युएल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फिरवत राहा, म्हणजे आग आत ओढली जाते. तरी विझली नाही तर बाहेर पडून एक्स्टिंग्विशर.

आता मूळ दुखणं. दोन ठोके आणि मग शांतता, ही स्पार्क प्लगवर बर्फ धरल्याची खूण. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते आणि थंडगार प्लगच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ती गोठते. मग ठिणगी पडत नाही. जास्त प्राइम केल्याने एवढंच होतं की सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन निघतं. प्लग काढा, गरम करून कोरडे करा, नवा तांब्याचा गॅस्केट घालून मॅन्युअलच्या टॉर्कने बसवा. नाहीतर सरळ अख्खं इंजिन तापवा. तेच बरं, कारण प्लग गरम आणि बाकी इंजिन गार असेल तर पुन्हा तोच खेळ.

प्रतिसाद २:
डब्ल्यू १०० म्हणजे एसएई ५०. ते साधारण १५ अंशांच्या वरच्या हवेचं ऑइल. या दिवसांत १५डब्ल्यू-५० सारखं मल्टिग्रेड (थंडीत कमी घट्ट होणारं) घाला.

प्रीहीटची मर्यादा, म्हणजे ज्याच्या खाली इंजिन आधी तापवायलाच हवं ते तापमान, लायकॉमिंग (इंजिन बनवणारी कंपनी) बहुतेक इंजिनांसाठी उणे १२ सांगतं, त्यांच्याच ७६ मालिकेच्या इंजिनांसाठी उणे ६. दुसरी इंजिन कंपनी काँटिनेंटल उणे ७. पण हे आकडे म्हणजे 'त्याच्या वर सगळं आलबेल' असं नव्हे. ॲल्युमिनियम थंडीत स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं. त्यामुळे ॲल्युमिनियमचा क्रँककेस (इंजिनाचं मुख्य घर) आतल्या स्टीलच्या क्रँकशाफ्टवर (फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) आवळतो, बेअरिंगची फट कमी होते, आणि त्याच फटीत जायला हवं ते ऑइल घट्ट झालेलं. इंजिन सुरू झालं म्हणून नुकसान टळलं असं समजू नका.

गरम हवा खालून, संपकडून (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीकडून) द्या, काउलिंगवर (इंजिनावरच्या आवरणावर) ब्लँकेट. होज आणि वायरिंगवर झोत धरू नका. सिलिंडर लवकर तापतात, त्यामुळे सीएचटीचा (सिलिंडर हेडच्या तापमानाचा) काटा फसवतो. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा: ऑइल टोकावरून सहज ओघळलं पाहिजे. चिकट गोळा लोंबत राहिला तर अजून वेळ आहे.

सुरू झाल्यावर १००० आरपीएमच्या आसपास ठेवा. ऑइल प्रेशर ३० सेकंदांत, फारच थंडी असेल तर मिनिटभरात दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बंद करा.

प्रश्नकर्ता:
संपवर इलेक्ट्रिक पॅड चिकटवून आठवडाभर चालू ठेवला तर?

प्रतिसाद ३:
फक्त संप तापवून दिवसेंदिवस ठेवू नका. ऑइलमधलं पाणी वाफ होऊन वर जातं आणि गार कॅमशाफ्टवर दव धरतं, म्हणजे गंजाला आमंत्रण. उड्डाणाच्या आदल्या रात्री पॅड चालू करा, काउलिंग झाका, आणि जमल्यास सिलिंडरलाही हीटर लावा.

ब्रीदर ट्यूबही (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) बघा. क्रँककेसमधली वाफ तिच्या टोकाशी गोठून तोंड बंद करते. दाब वाढला की प्रोपेलरमागचा क्रँकशाफ्ट सील बाहेर ढकलला जातो आणि ऑइल विंडशील्डवर. म्हणून ट्यूबला काउलिंगच्या आत, उबेत, एक छोटी खाच असते. ती आहे का आणि मोकळी आहे का, हे उद्या प्लग काढाल तेव्हाच तपासा.