मदत हवी आहे : मसाई मारात मुक्काम कुठे करावा?

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेरीस आईबाबांना घेऊन केनियाला जायचं ठरतंय. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (हरणांच्या कुळातले मोठे आफ्रिकी प्राणी) बघायची बाबांची फार इच्छा आहे. कळप काठावर तासन् तास घुटमळतो, मग एकाने उडी घेतली की सगळे धडाधड पाण्यात, आणि खाली मगरी टपलेल्या! तेवढी वाट बघायची आमची तयारी आहे.

प्रश्न मुक्कामाचा आहे. नदीजवळ राहावं, की शेजारच्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत (मुख्य अभयारण्याला लागून असलेल्या खासगी वन्यजीव क्षेत्रात)? तिथे गाड्यांची गर्दी कमी, रात्रीची सफारीही करता येते, पण नदी लांब पडते. आईला मणक्याचा त्रास आहे, म्हणून नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाऊ. त्यात सामान १५ किलोच, तेही मऊ बॅगेत. मग मोठी लेन्स कशी नेता? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.