वडिलांनी जाहीर नोटीस देऊन १६ वर्षांच्या मुलाशी संबंध तोडले. कायद्याने असं होतं का? (नाशिक)

सिडकोची_आत्या:
नमस्कार. भाच्याबद्दल लिहिते आहे, थोडं लांबेल.

माझा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार. त्याचा मुलगा यंदा दहावी झाला. त्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय. भावाचं म्हणणं, शिक्षण बास, बागेत उतर. ऐन खरड छाटणीत दोघांचं कडाक्याचं वाजलं, भावाने हात उगारला आणि पोरगं अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याकडे आलं. राग निवळेल असं वाटलं होतं. पण भावाने पेपरात जाहीर नोटीस छापली: "सदर मुलाशी माझा कसलाही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार राहणार नाही, माझ्या मिळकतीत त्यास हिस्सा नाही." खाली वकिलाचं नाव. पोराने ते कात्रण घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलंय. काढ म्हटलं तरी काढत नाही.

आता तो हट्टाला पेटलाय. अमेरिकेत मुलं कोर्टात जाऊन अठराच्या आत सज्ञान ठरतात, असं त्याने कुठंतरी वाचलं. आत्या, मलाही तसं करून दे, म्हणतो. मग मी माझी खोली घेईन, अंबडला वर्कशॉपला लागेन, सही माझी मी करीन. इकडे प्रवेशाच्या अर्जावर पालकाची सही लागते आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर सगळं भावाच्या कपाटात. वर भाऊ फोनवर म्हणाला, "पोराला फूस लावून पळवलंस म्हणून तुझ्यावरच केस करीन."

अजून एक. आमच्या अण्णांनी मृत्युपत्राने वीस गुंठे या नातवाला दिलेत. सातबाऱ्यावर त्याचं नाव, पुढे "अ.पा.क." (अज्ञानाचा पालनकर्ता) म्हणून भाऊ. ते तो विकू शकतो का?

मी शिलाईकाम करते, महागडा वकील परवडणार नाही. कुणी नीट सांगेल का?

पिंपळगावकर:
ताई, नोटीस छापली म्हणजे विषय संपला. आमच्याकडे दोघा-तिघांनी असंच केलंय. आणि कोर्टातून पालक नेमून घेऊ नका, मग मूल २१ पर्यंत अज्ञान राहतं.

उपनगर_वकील:
पिंपळगावकर, दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. २१ वर्षांची तरतूद जुनी, १९९९ च्या दुरुस्तीने ती गेली. आता १८ पूर्ण झाले की सज्ञान.

ताई, नोटिशीने बापपण सुटत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे मूल अज्ञान असेपर्यंत त्याचा सांभाळ आई-वडिलांवर बंधनकारक आहे, आणि सांभाळात शिक्षणही येतं. वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा हक्क जन्माने येतो, तो पेपरातल्या चार ओळींनी पुसला जात नाही. स्वकष्टार्जित मिळकत कुणाला द्यायची, तेवढं मात्र त्यांच्या हातात.

भाच्याने वाचलं ते खोटं नाही. कॅलिफोर्नियात १४ वर्षांवरच्या मुलाला तसा अर्ज करता येतो. पण तो आई-वडिलांच्या संमतीने किंवा निदान त्यांच्या हरकतीशिवाय वेगळा राहत असावा लागतो आणि स्वतःच्या कमाईचे व्यवहार स्वतः बघत असावा लागतो. आणि खरी मेख पुढे आहे. मूल असं सुटं झालं की त्याला पोसायची आई-वडिलांची जबाबदारीही सुटते. म्हणजे तुमच्या भावाला जे हवंय तेच मुलगा मागतोय! त्याला हे शांतपणे समजावा. आपल्याकडे तशी सोय नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने वय ठरलंय, त्याआधी केलेला करार मुळातच रद्दबातल. म्हणून खोलीचं भाडेपत्र त्याच्या नावाने होणार नाही. बँकेत बचत खातं मात्र दहा वर्षांवरचं मूल स्वतः उघडू शकतं. वर्कशॉपचं म्हणाल तर १४ ते १८ वयात धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी आहे. माझं मत विचाराल तर आधी प्रवेश.

अर्जावर वहिनींची सही घ्या. आईही नैसर्गिक पालक आहे. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील तर ते हयात असतानाही आई पालक म्हणून वागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केलंय.

केसच्या धमकीकडे काणाडोळा करू नका. नव्या न्याय संहितेत १८ खालच्या कुठल्याही मुलाला पालकाच्या ताब्यातून नेणं हा गुन्हा आहे, पूर्वी मुलग्यांसाठी ही मर्यादा १६ होती. मुलगा आपणहून आलाय आणि बापाने लेखी संबंध तोडलेत, ही तुमची बाजू. ती आजच कागदावर आणा. तुमच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या आणि मुलाला घेऊन बालकल्याण समितीकडे जा. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, ती वडिलांना बोलावून घेईल. दाखल्यांचा विषय तिथेच काढा. रात्री-अपरात्री काही झालं तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

वीस गुंठ्यांचं: ती मुलाची स्वतःची मिळकत. कोर्टाच्या परवानगीशिवाय अ.पा.क. ती विकू शकत नाही. विकलीच तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मुलगा तो व्यवहार रद्द करायला दावा लावू शकतो. तलाठ्याकडून ताजा सातबारा आणि फेरफार आत्ताच काढून ठेवा.

वकिलाचा खर्च नको. सीबीएससमोर (मध्यवर्ती बसस्थानकासमोर) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सिडकोची_आत्या:
वकीलताई, किती आभार मानू. वहिनीशी बोलले, ती सही करायला तयार आहे. भाच्याला अमेरिकेचं सांगितलं, तर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे फी मागायचा हक्क मीच सोडणार होतो." एकच भीती वाटते. पोटगीचा अर्ज टाकला तर भाऊ सगळा राग वहिनीवर काढेल. तिला त्याच घरात राहायचंय.

उपनगर_वकील:
अर्जात वहिनींना आणायची गरज नाही. मुलाच्या वतीने तुम्ही करू शकता. पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. अंतरिम पोटगी नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत ठरवावी असं त्यातच म्हटलंय. पण आधी समितीपुढे भावाशी बोलणी होऊ द्या, फीपुरतं मान्य केलं तर कोर्टाची पायरी चढावीच लागणार नाही. वहिनींना त्रास झालाच तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्यांना त्याच घरात राहण्याचा आदेश मिळतो. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर त्यांच्याकडे आधीच देऊन ठेवा, आणि तुमच्या नावाने नको, दुसऱ्या कुठल्या तरी नावाने सेव्ह करायला सांगा.