मदत हवी आहे: ट्रकचं कूलंट कमी होऊन राहिलं, पण खाली एक थेंब नाही

वाडीवाला:
नमस्कार मंडळी. घरचीच गाडी आहे, दहा चाकी, बीएस-६, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. बुटीबोरीहून माल भरून जबलपूर लाईनवर चालते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, कमी होऊन राहिलं आणि जाऊन कुठं राहिलं तेच समजत नाही. रिकामी आली तर पातळी जिथल्या तिथं, पण लोड घेऊन कुरईचा घाट चढली की कूलंटच्या टाकीत मिनच्या (कमीत कमी पातळीच्या) खुणेखाली जातं आणि डॅशवर दिवा लागतो. रात्रभर उभी ठेवून खाली पुठ्ठे अंथरून पाहिले, सकाळी कोरडे ठणठणीत.

जे पाहिलं ते सांगतो. होज, क्लिपा, रेडिएटरची जाळी, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, कुठंच रंगीत डाग वाळलेला नाही. झाकण नवीन टाकलं, फरक नाही. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, दुधाळ नाही. टेम्परेचरचा काटा चढत नाही. पण सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून थोडा वेळ पांढरा धूर येतो आणि त्याला गोडसर वास आहे, ड्रायव्हर काकांनाही तो जाणवला.

मिस्त्री म्हणतो हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) गेलं, हेड उतरवू. आता हेड उतरवायचं म्हणजे फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅसकेट सेट, नवे बोल्ट आणि तेवढे दिवस गाडी उभी, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. खर्च लागला तर करतो, पण खात्री न करता इंजिन खोलायला मन तयार नाही. आणि काका मे महिन्याच्या उन्हात घाटात गाडी थंड व्हायची वाट पाहत उभे राहतात ते मला बघवत नाही. हेड उतरवायच्या आधी काय काय तपासू, कोणत्या क्रमानं, ते सांगा.

कापसी नाका:
भाऊ, सगळ्यात आधी थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट. हातपंप टाकीच्या तोंडावर बसवून झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्या, जास्त नको, आणि काटा उतरतो का ते पाहा. मग इंजिन तापवून, ते कोमट झाल्यावर पुन्हा तेच, कारण काही चिरा थंडीत उघडतात, काही तापल्यावर. आणि काकांना निक्षून सांगा, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. एक बार प्रेशरखाली पाणी साधारण १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, झाकण फिरवलं की तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

दुसरं म्हणजे डिपस्टिक स्वच्छ दिसली म्हणून ऑइलमध्ये पाणी नाही असं धरू नका, चालत्या इंजिनात पाण्याची वाफ होऊन जाते. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट सकाळी स्टार्ट न करता हळूच ढिला करा, पाणी ऑइलपेक्षा जड असतं, असेल तर तेच आधी येईल. ऑइलचा नमुना लॅबला दिला तर त्यात सोडियम, पोटॅशियम वाढलेलं दिसतं, ते कूलंटमधलं असतं. आलं तर लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) ओ-रिंगवर, म्हणजे रबरी सीलवर, किंवा ऑइल कूलरवर संशय घ्या.

जुना मिस्त्री, कळमना:
मला हे गॅसकेटचं लक्षण वाटून नाही राहिलं. गॅसकेट गेली की बहुतेक वेळा सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतो, टाकीत बुडबुडे येतात, थंड इंजिन स्टार्ट करताच वरचा होज दगडासारखा होतो. तुमच्याकडे यातलं आहे का ते आधी लिहा. बुडबुडे दिसले तरी लगेच हेडवर जाऊ नका, ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही याच पाण्यानं थंड होतो. टँकमध्ये हवा भरून कट-ऑफ झाल्यावर, म्हणजे कॉम्प्रेसरनं हवा भरणं थांबवल्यावर, बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरच्या हेडचा. एअर टँकचं ड्रेन उघडून रंगीत पाणी निघतं का तेही पाहा.

बुडबुडे नसतील तर माझा पहिला संशय ईजीआर कूलरवर, म्हणजे इंजिनात परत जाणारा थोडा एक्झॉस्ट गॅस (धूर) थंड करणाऱ्या भागावर. त्यात पातळ नळ्यांमधून तापलेला एक्झॉस्ट गॅस जातो आणि बाहेरून कूलंट फिरतं, रोज तापून निवून त्यांना चीर पडते. घाटात लोडवर तापून पाण्याचं प्रेशर वाढतं, गाडी बंद केली की गॅसचं प्रेशर शून्य होतं पण पाण्याचं तसंच राहतं, मग चिरेतून पाणी गॅसच्या बाजूला झिरपतं. सकाळी तेच जळून पांढरा धूर आणि गोड वास. जमिनीवर पडायला काही उरतच नाही. ईजीआर कूलरचा गॅसचा पाइप सोडवा, प्रेशर देऊन ठेवा, आत ओल दिसली किंवा काजळी धुतल्यासारखी वाटली तर समजून जा.

मात्र हे लांबवू नका. पाणी सिलिंडरमध्ये साचलं आणि तुम्ही सेल्फ (स्टार्टर) मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, पाणी दाबलं जात नाही ना. वरून बीएस-६ मध्ये ते पुढं सायलेन्सरच्या लाईनमधल्या, धूर साफ करणाऱ्या फिल्टर आणि कॅटॅलिस्टमध्ये जाऊन तेही खराब करू शकतं.

वाडीवाला:
दोघांचेही मनापासून आभार. टाकीत बुडबुडे नाहीत, होज सकाळी मऊच राहतो, एअर टँकमधून फक्त साधं पाणी. चेंबरमधूनही पाणी आलं नाही. प्रेशर थंड असताना बराच वेळ टिकलं, पण तापवून निवल्यावर उतरलं, बाहेर कुठं ओल नव्हती. ईजीआरचा पाइप सोडवला तर आत ओलसर, काजळीवर चकचकीत रेघ. मिस्त्रीनंही पाहून मान्य केलं. आता कूलर वेल्डिंग करून चालेल की नवीनच टाकू?

जुना मिस्त्री, कळमना:
नवीनच टाका, वेल्ड केलेल्या नळ्या परत तापून त्याच जागी फुटतात. जुना काढला की इंटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) पाणी साचलं आहे का बघा, असेल तर आधी नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढून इंजिन हातानं फिरवा, मगच सेल्फ मारा. कूलंट कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच तयार मिश्रण भरा, बोअरचं पाणी अजिबात नको, क्षारांचा थर बसून नवा कूलरही लवकर जाईल. भरल्यावर हवा नीट काढा. पहिल्या लोडच्या खेपेला काकांना घाटाच्या आधी आणि नंतर टाकीची पातळी बघायला सांगा, झाकण न उघडता, बाहेरूनच.